मंदाताईने न दिलेला रविवार

मंदाताई, तुझ्या दहाव्याला कावळा इतक्या चटकन शिवला, की आम्हा सगळ्यांचा अपमान झाला.

भाट्याच्या खाडीकाठी आम्ही चांगले तयारीनिशी आलो होतो. उन्हात ताटकळायचं, घाम पुसायचा, मग एकेकाने पुढे होऊन हात जोडायचे आणि कबूल करायचं, की अमुक करीन, तमुक बघीन, आता तरी घास घे. तुझ्या धाकट्या जावेने तर रिक्षातच वचन पाठ केलं होतं: "वहिनी, तुमच्या आंब्याच्या कलमांना मी स्वतः पाणी घालीन." बिचारीने पदर सावरला, घसा खाकरला, आणि भटजी मागे सरकतायत तोवर कावळा आला, पिंडावर चोच मारली आणि सुरूच्या झाडात दिसेनासा झाला. जाऊबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. नटीने रंगमंचावर पाऊल टाकावं आणि पडदा पडावा, तशी गत. मला इतका आनंद झाला, की खोकल्याचं सोंग करावं लागलं.

"मन मोकळं होतं हो मंदाताईंचं," लोक म्हणाले. "वासना म्हणून कसली राहिली नव्हती."

धादांत खोटं. तुझ्याइतकी हट्टी आणि शेवटचा शब्द स्वतःकडे राखून ठेवणारी बाई उभ्या रत्नागिरीत नव्हती. कावळा का थांबला नाही, हे मला आणि तुझ्या लेकीला, गौरीला, ठाऊक आहे. घासाघिशीचं काम तू आधीच उरकलं होतंस. बिछान्यात, उशीला टेकून, आणि तेही आमची सालं काढून.

आपली पहिली भेट आठवते? माझे बाबा अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले. तू हॉस्पिटलातली नोकरी संपवून आता घरोघर फिरत होतीस. ज्यांच्यावर औषध उरलेलं नाही आणि मरणही अजून आलेलं नाही, अशांची सेवा करायला. मी दिवसा चष्म्याचं दुकान चालवणारा आणि संध्याकाळी हौशी नाटकातून कामं करणारा माणूस. बाबांच्या खोलीत शिरलो, की माझा आवाज आपोआप शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. "बाबा, मे महिन्यात आपण गणपतीपुळ्याला जायचं! बाबा, चेहऱ्यावर काय तेज आलंय!" तू मला ओटीवर बोलावलंस.

"काम बरं करतोस," म्हणालीस. "पण प्रेक्षकाला तिकीट परत करायचंय."

"मी त्यांना धीर देतोय," मी फणकारलो.

"स्वतःला देतोयस. आतला म्हातारा मला काय म्हणाला, सांगू? सिस्टर, तेवढं मुलाला गप्प बसवा, मला निवांत मरायचंय."

याहून जहरी परीक्षण माझ्या एकाही नाटकाच्या वाट्याला आलं नव्हतं. मी आत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसलो. बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "संपलं का रे?" म्हटलं, "हो." मग त्यांनी हात पुढे केला. बाबा मेले तेव्हा तो हात माझ्या हातात होता आणि मी काहीही बोलत नव्हतो. याचे आभार तू मला कधी मानू दिले नाहीस. "बाबा गेले" असं तुला फोनवर सांगितलं, तर म्हणालीस, "कुठे गेले? मेले म्हण. गेले, वारले, देवाघरी गेले, हे गावाला सांगायचे शब्द. ज्याचं माणूस, त्याने एकदा तरी खरा शब्द तोंडातून काढावा. आत राहिला की कुजतो." ज्याचा बाप अजून उंबऱ्याच्या आत आहे, त्याला हे बोलणारी बाई! मी फोन आपटला. आणि मग एकटाच म्हणालो. "मेले."

बाराव्यानंतर तू दुकानात उगवलीस. "तुझी व्हॅन आणि तुझं तोंड, दोन्ही मला लागणार आहे. व्हॅन चालू ठेवायची, तोंड बंद." मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आपण निघायचो. पावसच्या बागांमधून, आतल्या वाड्यावाड्यांतून, जिथे रस्ता संपतो आणि चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी सुरू होते. तू पुढे, मी तुझी पिशवी घेऊन मागे, धापा टाकत.

ती पाखाडीच तुझा फळा झाली. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, हे तू नर्सिंगच्या वर्गात शिकली होतीस: आधी नकार, मग राग, मग देवाशी घासाघीस, मग खिन्नता, आणि शेवटी स्वीकार. मी एकदा शहाणपणाने म्हटलं, "म्हणजे जिनाच की." तू गर्रकन वळलीस. "जिना नव्हे रे, नाटक्या. ही बघ, ही अशी पाखाडी. मधले चिरे निखळलेले. माणूस दोन चढतो, तीन घसरतो, मध्येच कुणाच्या पडवीत बसून राहतो. आपण त्याला ओढायचं नाही. आपण त्याच्या पायरीवर जाऊन बसायचं."

"आणि तो उठलाच नाही तर?"

"तर आपली पण बूड टेकायची तयारी हवी. तुझं भरपूर आहे."

हे असं. तू मला शिकवलंस ते सगळं अपमानांतून. 'धीर धरा' म्हणायचं नाही, कारण धरायला काही असतं तर त्याने धरलं नसतं का? नवस बोलणाऱ्याला हसायचं नाही आणि 'फळेल हो' असंही म्हणायचं नाही. रागावलेल्याला समजावायचं नाही. खिडकीकडे तोंड करून पडलेल्याला वळवायचं नाही, त्याच्याबरोबर खिडकीबाहेर बघायचं. मुंबईहून फोनवरून डॉक्टरकी करणाऱ्या मुलांना तेवढं तू झापायचीस. "इथे या आणि बापाचं अंग पुसा, मग मला सल्ले द्या."

पण धोंडूबाबांकडे तुझी मात्रा चालेना, ती दुपार मी अजून चवीने आठवतो. धोंडूबाबा मुंबईच्या कँटीनमध्ये आचारी होते. जन्मभर लोकांना जेवू घातलं आणि घशाचा रोग घेऊन गावी परतले. गडी इतका पेटलेला, की पेजेचा पेला भिंतीवर, औषध अंगणात. बायको, भागीकाकू, दारात उभी राहून पदराने डोळे पुसतेय. तू त्यांच्या पायरीवर जाऊन बसलीस खरी, पण त्यांनी तिथूनही तुला हाकललं. "व्हा भायेर!"

मला राहवेना. मी उभा राहिलो आणि गाऱ्हाणं घातलं.

आपल्याकडची ही जुनी रीत. देवळात मानकरी देवासमोर उभा राहून साऱ्या गावाचं दुखणंखुपणं मोठ्याने सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नाही. वाद घालायचा नाही. फक्त व्हय म्हणायचं. एरवी कुंपणाच्या काटीवरून कोर्टात जाणारे लोक गाऱ्हाण्यात मात्र मान खाली घालून व्हय म्हणतात.

"बा म्हाराजा!" मी आवाज लावला. "ह्यो तुजा धोंडू! उभा जल्म लोकांना जेवू घातलान, आन आज ह्याच्याच घशाखाली पेज उतरत नाय!"

दारातून भागीकाकू, केवळ सवयीने: "व्हय म्हाराजा!"

"ह्यो काय न्याय नव्हं, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता शेजारच्या दोघी-तिघी.

धोंडूबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता पेला माझ्या कपाळावर. आणि मग त्या फाटक्या घशातून त्यांनी गाऱ्हाणं माझ्या हातातून काढूनच घेतलं. "आन म्हाराजा, ह्या नर्सबायला सांग, माज्याफुडं ग्वाड बोलू नको!"

"व्हय म्हाराजा," तू म्हणालीस. पहिल्यांदाच तुला कुणापुढे एवढं नमलेलं पाहिलं.

त्यांनी देवाला धुतला, मुलाला धुतला, डॉक्टरला धुतला. आम्ही व्हय म्हणत राहिलो. आणि सगळं आटोपतंय असं वाटलं तेव्हा भागीकाकू दारातून म्हणाली, "म्हाराजा, ह्या मानसानं माला कंदी मुंबै दाखवलान नाय. आन आता ह्याला उचलून मोरीत मी न्हेताव."

आता कुणी व्हय म्हणायचं? धोंडूबाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय म्हाराजा."

भागीकाकू आत गेली आणि पेजेचा दुसरा पेला घेऊन आली. तो त्यांनी घोट घोट घेतला.

व्हॅनमध्ये तू पिशवी मांडीवर घेतलीस. मग, "कुणी शिकवलं रे तुला हे?"

"कुणी नाही. सुचलं."

"मग यापुढे सुचलं की मला विचारत बसू नको." तुझ्याकडून मिळालेली ही एकमेव शाबासकी. मी ती पितळी पदकासारखी मिरवतो.

आणि मग, मंदाताई, तुझी पाळी आली. तुझ्या पोटातला रोग कळला तेव्हा तो यकृतात पोचला होता. गौरी पुण्याहून रजा टाकून आली, डॉक्टरांना भेटली, आणि तुझ्या नवऱ्याला, आप्पांना, आणि मला स्वयंपाकघरात उभं करून दरडावलं, "आईला कळता कामा नये. अल्सर म्हणायचं. काका, तुम्ही नट आहात ना? मग करा काम."

दुसऱ्यांच्या घरी खरं बोलण्यासाठी शिव्या खाल्लेल्या बाईच्या स्वतःच्या घरात मग जे नाटक बसलं, ते इतकं भिकार होतं, की नट म्हणून मला लाज वाटली. संवाद बोजड, प्रवेश लांबलेले. आप्पा खोलीत येताना असं हसायचे, की मुखवटा उलटा चढवलाय असं वाटावं. "अल्सर काय, कुणालाही होतो!" असं ते नवस बोलल्यासारखं पुन्हा पुन्हा म्हणायचे. गौरी सकाळ-संध्याकाळ तुझा चेहरा पुसून सांगायची, "आज बरी दिसतेस हं, आई." आणि तू? तू, जिने डॉक्टरांआधी रिपोर्ट वाचले असतील, ती म्हणायचीस, "हो गं. तिखट जरा कमी करायला हवं."

कावीळ चढली तेव्हा फक्त एकदा तुझी जीभ सुटली. आरशात बघून म्हणालीस, "रंग छान धरलाय. देठ सुटायच्या आत पेटीत भरा." आप्पा म्हणाले, "हॅ हॅ." गौरी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करत राहिली.

आपण एकटे सापडल्यावर मी तुझ्यावर तुटून पडलो. तुला बरं नव्हतं, म्हणून काही मी हात आखडता घेतला नाही. तू तरी कधी घेतला होतास?

"लोकांच्या घरात घुसून खरं बोलायला लावलंस. माझ्या बापाच्या खोलीतून मला बाहेर काढलंस. आणि आता अल्सर?"

"गौरी पहिल्या पायरीवर फतकल मारून बसलीय," तू डोळे मिटून म्हणालीस. "तिच्या पायरीवर जाऊन बसायचं. नियम आहे."

"तू इथे बसून राहिलीस, तर ती तुला निरोप कधी देणार? मग जन्मभर बसेल त्या पायरीवर. एकटी."

"ठाऊक आहे मला!" तू उशीवर मूठ आपटलीस. मग मूठ सोडलीस. "लोकांच्या पोरींना रडताना बघणं सोपं असतं रे."

तो वाद तसाच पडून आहे, आणि तुझी बाजू वरचढ आहे, हे मी इथे लेखी देतो. खूश?

कोंडी फोडली ती गौरीनेच, आणि नकळत. एका दुपारी ती तुझ्या पायांना तेल लावत होती. आप्पा खुर्चीत पेपर धरून बसलेले, मी दारात. गौरी म्हणाली, "आई, मे महिन्यात मी तुला पुण्याला नेणार आहे. बाल्कनीत कुंड्या आणून ठेवल्यात. तुला हवं ते लाव."

मे महिना. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे. तुझ्या त्या पिवळ्या डोळ्यांत जी खट्याळ दुष्ट चमक आली, ती मी कुठल्याही नटीच्या डोळ्यांत पाहिलेली नाही.

"नाटक्या," तू म्हणालीस, "तिकीट परत करायचंय." आणि कुणाला काही कळायच्या आत तू हात जोडलेस. "बा म्हाराजा!"

गौरीचा हात थांबला.

"ह्या घरात एक अल्सर आहे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी.

"पुढच्या खोलीत त्याला अल्सर म्हणतात, आणि मागच्या खोलीत त्याला कॅन्सर म्हणतात."

कुणी बोलेना. मीसुद्धा नाही, ते व्हय माझं नव्हतं. तू थांबलीस. तुला थांबता येत होतं, हाच तर तुझा धंदा. शेवटी पेपरमागून आप्पा: "व्हय म्हाराजा." आणि त्यांनी पेपर खाली ठेवला.

"आई, पुरे!" गौरी उठली. तेलाची वाटी कलंडली. "काय चाललंय हे? हे तुझ्या त्या घरांमधून करायचं, इथे नाही! मी तुझी पेशंट नाही!"

आणि तू, देवा, तू हसलीस. "दुसरी पायरी. आली एकदाची."

मी अनेक क्रूर संवाद ऐकलेत, थोडे म्हटलेही आहेत. याच्या तोडीचा नाही. गौरी पांढरी पडली. वाटलं, आता ही दार आपटून थेट एसटी स्टँड गाठणार, आणि आपण सगळंच घालवलं. ती दारापर्यंत गेलीही. मग वळली. हात जोडले नाहीत तिने, मुठी वळल्या होत्या.

"बा म्हाराजा," ती म्हणाली. आवाज तुझाच. "ही बाई माझ्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला आली नाही. कुणी ना कुणी मरत होतं."

तू हसणं थांबवलंस. "व्हय म्हाराजा."

"मला ताप आला, की आप्पा बसायचे. ही परक्या माणसांच्या उशाशी."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या बाळंतपणात ही तिसऱ्या दिवशी परत गेली. कुणा म्हाताऱ्याला वेदना होत होत्या म्हणून. मला होत नव्हत्या, म्हाराजा?"

"व्हय." तुझा श्वास पुरत नव्हता. "व्हय म्हाराजा."

"आणि आता मला आई हवीय, तर ही..." गौरी अडली. बाहेर तुझ्या कलमांवर कुणी तरी पाखरं हाकलत होतं. "आणि आता ही मरणार आहे, म्हाराजा."

तू तिच्याकडे बघत म्हणालीस, अगदी स्पष्ट, "व्हय म्हाराजा."

मग ती तुझ्या तेलकट पायांवर कोसळली. तू आम्हा पुरुषांना डोळ्यांनीच बाहेर काढलंस. आम्ही गेलो, पण ओटीवर सगळं ऐकू येत होतं, हे तुला ठाऊक असणारच. गौरी हुंदके देत घासाघीस करत होती. "मे महिन्यापर्यंत तरी." "नाही जमायचं गं." "शिमग्यापर्यंत. देवाची पालखी घरी येईपर्यंत." "नाही." "मग काय देतेस?" मग तुझा तो मासळी बाजारातला सुका आवाज: "हा रविवार देते. वर काही मागू नको." आणि तुम्ही दोघी हसायला लागलात. आप्पा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होते आणि आतून हसण्याचे आवाज येत होते. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

त्या उरलेल्या दिवसांत त्या घरात कुणी अल्सर म्हटलं नाही. गौरी तुझ्या शेजारी झोपायची. तुम्ही भांडायचात, अगदी मोठमोठ्याने, जुन्या जुन्या गोष्टींवरून. तू तिला कुठली साडी कुणाला ते सांगितलंस, आणि तिने निम्म्या साड्यांना नाही म्हटलं. मॉर्फिनच्या गुंगीतूनही तू तिला चादर कशी घडी घालायची ते शिकवत होतीस. रविवारी तुला कोळंबीच्या कढीचा निदान वास तरी द्यायचा, असं तिने ठरवलं होतं. कोळंबी आणून ठेवलेली होती.

आणि शनिवारी दुपारी तू सौदा मोडलास.

रविवारसुद्धा दिला नाहीस, मंदाताई! एक रविवार! गौरी दहाव्याला खाडीकाठी माझ्या शेजारी उभी होती. कावळा उडाला तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "काका, बघितलंत? लाज वाटली असणार तिला, म्हणून पटकन घेतलान." आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती माझा दंड इतका घट्ट धरून उभी राहिली, की वळ उठलेत. ती कुठल्या पायरीवर आहे, मला सांगता येत नाही. वर-खाली करत असेल. पण पहिल्या पायरीवर नाही, एवढं नक्की.

तिथे आता मी बसलोय.

हो, हसू नको. एवढं पानभर लिहिलं, त्यात तुझ्याबद्दल तो एक शब्द कुठे आलाय का, बघ. 'पाळी आली' म्हटलं, 'सौदा मोडलास' म्हटलं. परवा सुट्टीच्या दिवशी व्हॅन काढून तुझ्या दारात उभी केली आणि हॉर्न वाजवला. आप्पा बाहेर आले. ते येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसले. आम्ही कुठेही न जाता बराच वेळ तसेच बसलो. तुझा शिष्य निघाला की गं तुझा नवरा.

आता दुकान बंद केलंय, शटर खाली आहे, भिंतीवर चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमी माझ्याकडे बघतायत. यापेक्षा वाईट प्रेक्षकांसमोर मी कामं केलीत. तेव्हा ऐक.

बा म्हाराजा. ह्या बाईने माझ्या एकाही नाटकाचा तिसरा अंक पाहिला नाही. दर वेळी फोन यायचा आणि ही पहिल्या रांगेतून, सगळ्यांच्या देखत, चप्पल वाजवत उठून जायची.

हिने मला गप्प बसायला शिकवलं आणि त्याचे आभार मानू दिले नाहीत.

हिने पोरीला कबूल केलेला रविवार दिला नाही.

आणि ही मेली, म्हाराजा.

थांबलो. तू शिकवलंस तेवढा वेळ थांबलो. कुणी काही म्हणेना.

मग मीच म्हटलं. व्हय म्हाराजा.